पिकअपचे ब्रेक : पॅड आणि डिस्क बदलण्यापूर्वी

माणदेशात आता बैलगाडी शोधावी लागते, पिकअप शोधावी लागत नाही. दहिवडीचा चौक घ्या, म्हसवडचा बाजार घ्या, नाहीतर आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार घ्या. पांढऱ्या पिकअप गाड्या ओळीने उभ्या असतात. कोणात डाळिंबाचे क्रेट, कोणात मेंढरे, कोणात कडबा, तर कोणात लग्नाच्या मंडपाचे बांबू. २०१८-१९ च्या दुष्काळात याच गाड्यांनी चारा वाहिला. यातील कित्येक गाड्यांच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेले आढळते. कोणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेतून गाडी घेतली, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढले, कोणी फायनान्स कंपनीचा हप्ता डोक्यावर घेतला. गाडी दारात उभी राहिली म्हणजे घर उभे राहिले, अशी या कुटुंबांची स्थिती आहे.

गाडी घरी आली की पहिला खर्च कशावर होतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. आधी मागच्या पाट्यांत एक जादा पाटा बसतो, म्हणजे माल जास्त भरता यावा. मग टेप, मग रंगीत दिवे, मग सीटची कव्हरे. ब्रेकचा खर्च मात्र चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला की मगच. आणि तोही कसा? बाजारात जे सर्वांत स्वस्त मिळेल ते पॅड टाकून गाडी त्याच दिवशी भाड्याला!

एखादी भगिनी विचारील की, कुटुंबाच्या पानावर हा गॅरेजचा विषय कशाला? याचे उत्तर असे की, ज्या घराचा कर्ता पुरुष आठवड्यातून चार वेळा घाट उतरतो, त्या घरात ब्रेक हा चुलीइतकाच घरचा विषय आहे. हप्त्याचा हिशेब बाई ठेवते, डिझेलचा हिशेब तिला ठाऊक असतो. मग ब्रेकचाच हिशेब तिने का विचारू नये?

लगाम कोणाच्या हाती

याला आणखी एक पदर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत गाडीच्या प्रवासाचे दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. त्यांचे वडील त्या वेळी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर नोकरीस होते. लहानगा भीम, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. मुले महाराची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. ही वाट माणच्या शेजारच्याच मुलखातील आहे.

दुसरा प्रसंग २३ ऑक्टोबर १९२९ चा, चाळीसगावचा. तेथील महार बांधवांना बाबासाहेबांना वस्तीवर सन्मानाने न्यायचे होते. टांगा भाड्याने मिळाला, परंतु टांगेवाला हाकायला तयार होईना. तेव्हा वस्तीतील एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर टांगा अडखळला, बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ज्याने लगाम धरला त्याला दोष कोण देईल? ज्यांना गाडी हाकण्याचे शिक्षणच कधी मिळू दिले नाही, त्यांच्यावर त्या दिवशी ती वेळ आली.

आटपाडीचे सुपुत्र शंकरराव खरात यांच्या 'तराळ अंतराळ' या आत्मकथनाच्या नावातच जे काम आहे, ते काम म्हणजे पायांचे काम. निरोप पायी पोचवायचा, टपाल पायी न्यायचे, साहेबाच्या गाडीपुढे धावायचे. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आज त्याच घरांतील मुले स्टिअरिंगवर आहेत. तेव्हा गाडी हाकण्याची विद्या अर्धी शिकून चालणार नाही. गिअर टाकणे आणि ॲक्सिलेटर दाबणे ही त्या विद्येची पहिली इयत्ता आहे. गाडी थांबते कशी, हे कळणे ही पुढची इयत्ता. आणि आमच्या पाहण्यात बरेच जण पहिल्या इयत्तेतच राहिलेले आहेत.

ब्रेक म्हणजे उष्णता

चालत्या गाडीत जोर साठलेला असतो. ब्रेक दाबला की तो जोर नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. किती? माल धरून तीन टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. ती एकदाच पूर्ण थांबविली तर जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर सव्वा लिटर थंड पाण्याला उकळी येईल. वेग ८० असेल तर हीच उष्णता पावणेदोन पट होते. वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

ही झाली सपाट रस्त्याची गोष्ट. घाटात तर गाडी सतत खाली ओढली जाते. तीच तीन टनांची गाडी दोनशे मीटर उंचीचा उतार फक्त ब्रेक दाबून उतरली, तर सतरा-अठरा लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता चार चाकांत जमा होते. घरातला मोठा हंडा काही मिनिटांत उकळावा, एवढी आग चाकाच्या आत पेटते.

आता आपल्या भागातील रस्ते पाहा. दहिवडीहून फलटणला जाताना मोगराळे घाट उतरावा लागतो. पुण्याचे मार्केट यार्ड सासवडमार्गे गाठायचे तर पुढे दिवे घाट उतरावा लागतो. पुसेगावहून कोरेगाव-साताऱ्याकडे निघाले तर वर्धनगडचा घाट उतरावा लागतो. म्हणजे गाडी भरलेली असते तेव्हा उतार, आणि रिकामी परत येते तेव्हा चढ! माणदेशी गाडीवानाच्या नशिबी हा उलटा हिशेब आहे. सपाट गंगथडीच्या मुलखात जे पॅड वर्षभर चालेल, ते येथे तेवढे चालेलच असे नाही.

पॅड फार तापले की त्याची पकड सुटते. पेडल नेहमीप्रमाणे लागते, पाय जोर लावतो, पण गाडी थांबत नाही. यालाच गाडीवान 'ब्रेक गरम झाला' म्हणतात. दुसरा प्रकार याहून वाईट. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या ऑईलमध्ये पाणी मुरलेले असते. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल सरळ फळीला जाऊन टेकते. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक उत्तम होता आणि तळाला तो गेला, असे जे आपण ऐकतो, त्यातील पुष्कळ प्रकरणे या वाफेची असतात.

न्यूट्रलचा लोभ

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड सर्वत्र आहे. काही जण तर इंजिनच बंद करतात. गाडी गिअरमध्ये असली की उताराचा बराच भार इंजिन अंगावर घेते. न्यूट्रल केले की सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले तर त्याहून मोठा घात होतो. पेडल हलके लागते ते बूस्टरमुळे, आणि बूस्टरला लागणारी ओढ इंजिन चालू असेल तरच मिळते. इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावरील दोन डझनांहून अधिक वाहनांना ठोकरले. सुरुवातीला सर्वांनी ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले. तपासानंतर पोलिसांनी सांगितले की, चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा हा उतार साताऱ्याकडून पुण्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला उतरावाच लागतो. चार-दोन रुपयांचे डिझेल वाचविण्याची ही जागा नव्हे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही खरा आहे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड तबकडी. काही दुकानदार तिला रोटर म्हणतात. कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो. थांबण्याचे जास्तीत जास्त काम पुढच्या चाकांकडे असते, कारण ब्रेक लावताच वजन पुढे झुकते.

हल्ली मोबाइलवर परदेशातील गाड्यांची चित्रे पाहून काही तरुण भोके पाडलेल्या किंवा खाचा मारलेल्या डिस्क मागवितात. चाकातून त्या शोभून दिसतात, यात शंका नाही. परंतु मालाच्या गाडीला त्यांचा उपयोग किती? डिस्कचे मुख्य काम उष्णता पोटात घेणे आणि वाऱ्यावर सोडणे. त्यासाठी तिच्यात लोखंड भरपूर पाहिजे. भोके पाडली की लोखंड कमी होते, आणि वारंवार तापून निवताना भोकाच्या कडेपासून तडे जाण्याचा धोका असतो. आमचे मत स्पष्ट आहे. भोकांची डिस्क घेऊ नये. गाडीच्या मूळ मापाची, मधून हवा खेळेल अशा पोकळ फटी असलेली साधी डिस्क घ्यावी, पण चांगल्या कंपनीची घ्यावी. वजनाला हलकी आणि भावाला निम्मी अशी डिस्क कोणी पुढे केली तर हात जोडावेत.

मोठ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर खटपट करून बसविणे हाही एक प्रकार चालतो. तो करू नये. मास्टर सिलिंडर, बूस्टर, पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक यांचे एकमेकांशी माप जुळलेले असते. पुढचे एकदम जोरदार झाले तर समतोल बिघडतो. शिवाय उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. अपघातानंतर हा मुद्दा तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो.

पॅडचे दोन-तीन प्रकार दुकानात मिळतात. सिरॅमिक म्हणून जी पॅड विकली जातात, त्यांचा आवाज कमी आणि धूळ कमी. मोटारीला ती छान. धातूचे तंतू असलेली सेमी मेटॅलिक पॅड थोडा आवाज करतात, डिस्कही थोडी जास्त झिजवितात, परंतु उष्णता चांगली सोसतात. भरलेली गाडी घाटात चालविणाऱ्यासाठी आम्ही दुसरी पसंत करू. अर्थात गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलला जे पॅड दिले आहे, ते त्या वजनाचा विचार करूनच दिलेले असते. ज्याला प्रकारांत शिरायचे नाही त्याने ओरिजिनल घ्यावे आणि निर्धास्त राहावे. ब्रेक्स इंडिया, राणे यांसारख्या, गाडी बनविणाऱ्यांनाच माल पुरविणाऱ्या कंपन्यांचा मालही तालुक्याच्या दुकानांत मागवून मिळतो. मात्र नामांकित कंपनीच्या खोक्यात भलताच माल भरून विकण्याचा धंदाही जोरात आहे. खोक्यावरील आणि पॅडच्या पाठीवरील नंबर जुळतात का ते पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला, तर समजून जावे.

खरे सांगायचे तर, ब्रेक सुधारण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे नवे ब्रेक ऑईल. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ प्रतीसाठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तुमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर कोणते लिहिले आहे ते पाहा आणि तेच सीलबंद बाटलीतले घ्या. गॅरेजमध्ये महिनोन् महिने उघड्या पडलेल्या डब्यातले नको. दोन वर्षांतून एकदा सगळे जुने ऑईल काढून टाकावे. आणि कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल ओतू लागला तर त्याचा हात धरावा. त्याने आतील रबरे फुगतात आणि सगळे ब्रेक एकदम जातात.

जादा पाट्याचा डाव

जादा पाटा बसविला की गाडी जास्त माल उचलते, असा समज आहे. गाडी खाली बसत नाही, एवढेच खरे. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरला तर पाटा तो पेलील, पण थांबविण्याचे काम तीच तबकडी आणि तेच चार पॅड करणार आहेत.

याहून बारीक गोष्ट अशी. अनेक पिकअपना मागच्या धुरीजवळ एक व्हॉल्व्ह असतो. चौकट आणि धुरी यांच्यातील अंतर किती, यावरून तो गाडी भरलेली आहे की रिकामी हे ओळखतो. माल भरला, गाडी खाली बसली, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. जादा पाटा घातलेली गाडी भरूनही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, म्हणून तो मागच्या ब्रेकला दाब कमी देतो. म्हणजे माल जास्त, आणि मागचा ब्रेक कमी! मग सगळा ताण पुढच्या पॅडवर येतो, ती लवकर संपतात, आणि मालक दुकानदाराला शिव्या देतो. ज्यांनी पाटा वाढविला आहे त्यांनी नवे पॅड घेण्याआधी तो पाटा काढण्याचा विचार करावा. ते जमत नसेल तर निदान जाणत्या मिस्त्रीकडून हा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

मागचे ड्रमही विसरू नयेत. त्यांचे लायनर झिजले, सिलिंडर पाझरू लागला, की पुढे कितीही भारी डिस्क टाका, गाडी सरळ थांबणार नाही. हँडब्रेकही बहुतेक गाड्यांत याच ड्रमवर चालतो.

पाठीमागची माणसे

६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, विजयादशमीला दीक्षाभूमी, उन्हाळ्यात लग्ने. या सर्व वेळी पिकअपच्या हौद्यात सतरंजी टाकून वीस-पंचवीस माणसे बसविली जातात. गरिबाला दुसरे काय परवडणार, हे आम्ही जाणतो. तरीही लिहिणे भाग आहे. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे खंबाटकी घाटाचा बोगदा ओलांडल्यावरच्या वळणावर मजूर घेऊन जाणारे मालवाहू वाहन उलटले आणि सतरा-अठरा जीव गेले. ती कर्नाटकातून शिरवळकडे कामासाठी निघालेली कष्टकरी कुटुंबे होती.

कांदा घसरला तर पोते फुटते. हौद्यातील माणूस घसरला तर त्याला धरायला काही नसते. चालकाला हे ठाऊक असते, म्हणून तो जोराने ब्रेक लावायला कचरतो, आणि जेथे लावायला हवा तेथे उशीर करतो. कायद्याची बाजूही माहीत असावी. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात दिला. मालाबरोबर मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस असेल तर गोष्ट निराळी. बाकीच्यांची भरपाई गाडीच्या मालकाच्या अंगावर येते, म्हणजे कर्जाच्या हप्त्यावर आणखी एक डोंगर. महापरिनिर्वाण दिनासाठी मध्य रेल्वे विशेष गाड्या सोडते, एस.टी. सामूहिक आरक्षणावर मिळते. वस्तीने मिळून आधी महिनाभर वर्गणी काढली तर हे अशक्य नाही. पिकअपमध्ये भोजनदानाचे साहित्य जावे, माणसे जाऊ नयेत.

पाचव्या शीलाबद्दल धम्मबांधवांना आम्ही निराळे काय सांगावे? प्यालेल्या माणसाचा पाय उशिरा उठतो. ओरिजिनल पॅडही त्या उशिराची भरपाई करू शकत नाही.

गॅरेजमध्ये उभे राहून

पॅड बदलण्याचे काम तास-दोन तासांचे. त्या वेळी चहाला न जाता शेजारी उभे राहावे. गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावलेले, आणि नुसत्या जॅकवर नव्हे तर खाली भक्कम घोडी ठेवलेली असावी. चाक काढल्यावर मिस्त्रीने हवेच्या नळीने धूळ उडवू नये. ही सूचना आम्ही मुद्दाम ठळकपणे करीत आहोत. जुन्या लायनर आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि भारतात त्याचा वापर अजूनही पूर्ण थांबलेला नाही. स्वस्त मालात काय आहे हे खोक्यावरून कळत नाही. मुंबईत घाटकोपरला ब्रेक लायनिंग बनविणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांच्या तपासणीत अनेकांना ॲस्बेस्टॉसिस हा फुफ्फुसांचा रोग आढळला होता. हा रोग वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो. ओल्या फडक्याने धूळ पुसावी, तोंडाला मास्क बांधावा, ते कपडे घरी मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आणि गॅरेजमध्ये पाना उचलून देणारे पोर चौदा वर्षांच्या आतले असेल, तर ते शाळेत का नाही हे मालकाला जरूर विचारावे.

डिस्कच्या कडेवर किंवा आतल्या भागावर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. मिस्त्रीला मापाने ती मोजायला लावावी. डिस्कवर खाचा पडल्या की लेथवर फिरवून ती गुळगुळीत करण्याची पद्धत आहे. जाडी शिल्लक असेल तर हरकत नाही. पण कोरलेल्या मापाखाली गेलेली डिस्क पुन्हा लेथवर चढविणे म्हणजे स्वतःला फसविणे. भाकरी करणाऱ्या भगिनींना हे चटकन समजेल. जाड तवा सावकाश तापतो आणि उष्णता धरून ठेवतो, पातळ तवा लगेच लाल होतो. ब्रेक दाबताना पेडलला थरथर जाणवत असेल तर बहुधा डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झालेली असते.

पॅड दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत, डिस्कही जोडीने. एकाच चाकाला नवे टाकले तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांना उष्णता सोसणारे खास ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस तेथे चालत नाही. पिन अडकली की एक पॅड संपते आणि दुसरे कोरे राहते. नवी डिस्क गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसून काढल्याशिवाय बसवू नये. पिस्टन मागे ढकलताना टाकीतील ऑईल वर येते, ते सांडून रंग खराब होतो, तेव्हा लक्ष असावे. ऑईल बदलले असेल तर चारही चाकांची हवा काढून घ्यावी. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीने आवळावेत. आणि गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पाच-दहा वेळा दाबावे. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिले एक-दोन दाब पोकळ जातात. गॅरेजच्या दारातच भिंतीला गाडी लागल्याच्या गोष्टी यामुळेच घडतात.

नवे पॅड नव्या डिस्कवर बसायला थोडा अवकाश लागतो. मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी ताशी ५०-६० पर्यंत न्यावी, मध्यम जोराने ब्रेक लावून १०-१५ पर्यंत आणावी, पूर्ण थांबवू नये. मध्ये थोडे अंतर गाडी चालवून असे आठ-दहा वेळा करावे. नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून निवू द्यावी. त्याच संध्याकाळी डाळिंब भरून मोगराळे घाटात घातली तर पॅडचा वरचा थर भाजून काचेसारखा होतो आणि आयुष्यभर किंचाळत राहतो. भाडे एक दिवस पुढे ढकलावे.

पुढे घरच्यांनी पाहण्यासारखे थोडे आहे. टाकीतील ऑईलची पातळी हळूहळू उतरली तर बहुधा पॅड झिजत आहेत. नुसते ऑईल भरून समाधान मानू नये. पातळी एकदम उतरली तर कोठेतरी गळती आहे. गाडी घरी आली की चारही चाकांजवळ हात न लावता तळवा धरावा. एकच चाक फार धगधगत असेल तर तेथे ब्रेक अडकला आहे. पॅडचा घासणारा थर तीन मिलिमीटरच्या आसपास उरला की बदलायची वेळ झाली. आवाजाची वाट पाहू नये. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांचे असते, त्यानंतर दरवर्षी. पण माणदेशात घाटाचे पॅड पासिंगच्या तारखेची वाट पाहत नाहीत.

बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा घरच्या हिशेबाच्या वहीत, हप्त्याच्या पानावरच लिहून ठेवावा. जुनी पॅड मिस्त्रीकडून मागून घ्यावीत. आतले आणि बाहेरचे सारखे झिजले आहे का, ते घरी आणून शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. एक पातळ आणि एक जाड निघाले, तर पुढच्या भाड्याआधी गाडी पुन्हा त्याच गॅरेजला न्यावी आणि पिना उघडून दाखवायला सांगावे.